मूर्ती पेणची, थंडी कॅनडाची आणि मधला पाच सेंटिमीटरचा फोम

पेणच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी घर सोडतात. न्हावा शेवा बंदरात त्या कंटेनरमध्ये चढतात, महिना-दीड महिना समुद्र पाहतात, मग मॉन्ट्रियल, हॅलिफॅक्स किंवा व्हँकुव्हरच्या धक्क्यावर उतरून रेल्वेने वा ट्रकने टोरंटो, कॅलगरी, एडमंटनकडे निघतात. या प्रवासात एकाच खोक्याला माणसांचे हात, फोर्कलिफ्टचे काटे, जहाजाचे हेलकावे आणि रुळांचे धक्के लागतात. खोके उघडल्यावर मूर्तीची सोंड किंवा वरदहस्त मोडलेला दिसला, तर तो खंडित मूर्तीचा प्रश्न होतो आणि नवी मूर्ती मागवायला वेळ उरलेला नसतो.

नुकसानभरपाई मिळेल या भरवशावर राहणेही धोक्याचे आहे. सागरी मालवाहतुकीच्या विम्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’मध्ये सर्वांत व्यापक संरक्षण देणारा प्रकार ‘ए’ मानला जातो. त्याच्याही कलम ४.३ मध्ये अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. प्रवासात नेहमी बसणारे धक्के सोसण्याइतके पॅकिंग भक्कम नव्हते, असे विमा कंपनीने दाखवून दिले की दावा अडतो. विमा लागू होण्याआधीच कारखान्यात पॅकिंग उरकलेले असले, तरी ही अट चुकत नाही. म्हणून आत कोणता फोम, किती जाडीचा आणि किती क्षेत्रफळाचा घातला, हा प्रश्न मूर्ती मागवणाऱ्या मंडळाच्या खजिनदाराचाही आहे. मिरजेहून तानपुरा मागवणाऱ्या गायकाचा आहे, आणि प्रयोगशाळेची उपकरणे एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवणाऱ्या अभियंत्याचाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांतले एक ओटावात आहे. १९७२ साली स्थापन झालेली ‘कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट’ ही कॅनडा सरकारची संस्था संग्रहालयांतील वस्तूंच्या जतनाचे काम करते. देश एवढा विस्तीर्ण की एखादे प्रदर्शन किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत फिरवायचे म्हटले, तर चित्रे आणि मृत्पात्रे हजारो किलोमीटर ट्रकमध्ये बसून जाणार. त्यामुळे ‘वस्तू धक्का कितपत सोसते आणि फोम तो कितपत गिळतो’ हा तेथे रोजच्या कामाचा प्रश्न ठरला. १९९१ साली लंडनमध्ये कलाकृतींच्या प्रवासावर ‘आर्ट इन ट्रान्झिट’ ही परिषद भरली, तेव्हा स्मिथसोनियन, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि टेट यांच्या जोडीने ही संस्था तिच्यात सहभागी होती. फोमच्या गाद्यांचा हिशेब करणारी ‘पॅडकॅड’ ही संगणकप्रणालीही याच संस्थेची. तिच्यामागचे तत्त्व घरच्या कागद-पेन्सिलीवरही मांडता येते.

पडणाऱ्या खोक्याचे गणित

हातातून निसटलेले खोके साधारण किती उंचीवरून पडते? पॅकिंगच्या चाचण्यांसाठी प्रमाणित असलेल्या ‘इस्टा १ए’ पद्धतीत साडेनऊ किलोंहून हलक्या खोक्यासाठी ही उंची ७६ सेंटिमीटर धरली आहे. वजन वाढत जाते तशी ती ६१, ४६, ३१ अशी उतरते. कारण सरळ आहे. हलके खोके माणूस कंबरेच्या उंचीवर उचलतो आणि प्रसंगी फेकतोही. जड खोके दोघे मिळून उचलतात, तेही जेमतेम जमिनीपासून वर. म्हणजे हलक्या खोक्याला उलट जास्त जपावे लागते. मूर्ती छोटी आहे, काही होत नाही, असे म्हणणारे नेमके इथे चुकतात.

७६ सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर असतो. हा वेग एका मिलिमीटरच्या अंतरात शून्यावर आणायचा, तर वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या ७६० पट धक्का बसतो. तोच वेग दीड सेंटिमीटरच्या अंतरात, सम गतीने कमी होत गेला, तर धक्का ५० पटींवर येतो. अभियंते या पटीला ‘जी’ म्हणतात. फोमचे सारे काम इतकेच: वस्तूला थांबायला थोडे अंतर देणे.

अंतर दिले की ते सर्वच्या सर्व उपयोगी पडते असे मात्र नाही. दाबत जावे तसा फोम अधिकाधिक विरोध करतो, त्यामुळे धक्क्याची कमाल पातळी सम गतीच्या हिशेबापेक्षा साधारण दुप्पट होते. म्हणजे दीडऐवजी तीन सेंटिमीटर लागले. शिवाय फोम पूर्ण चिरडेपर्यंत दाबला जाऊ शकत नाही. निम्म्या जाडीच्या आसपास गेला की तो दगडासारखा घट्ट होतो. अशा रीतीने ५० जीच्या मर्यादेसाठी फोमची जाडी पाच ते सहा सेंटिमीटरवर येऊन पोहोचते. पॅकिंगवाल्यांच्या तोंडी असलेला ‘दोन इंच’ हा आकडा असा आला आहे.

पण ५० जीच का? सूक्ष्म जुळणीची उपकरणे २० जीच्या आसपासही बिघडू शकतात. सामान्य घरगुती विद्युत उपकरणे त्याच्या तिपटी-चौपटीने धक्का सोसतात. ज्या वस्तूची सहनशक्ती मोजलेली नाही तिच्यासाठी ४० ते ५० जीची मर्यादा धरणे ही सावध रीत आहे. मूर्तीचे उदाहरण घ्यायचे तर धड भक्कम असते, पण हात, सोंड, कान आणि मुकुटाची टोके ही धडाबाहेर आलेली असतात, आणि धक्का बसताच धड थांबते नि ती मात्र पुढे जाऊ पाहतात. मूर्तीची सहनशक्ती म्हणजे तिच्या सर्वांत कमकुवत सांध्याची सहनशक्ती.

जास्त फोम म्हणजे जास्त संरक्षण नव्हे

बहुतेकांना पटायला सर्वांत अवघड जाते ते हे. समजा, मूर्ती आतल्या खोक्यात घट्ट बसवली आहे. खोक्याचे एकूण वजन १० किलो, तळ ४० बाय ३० सेंटिमीटर, उंची ४५. हे खोके बाहेरच्या मोठ्या खोक्यात ठेवायचे आणि मधली पोकळी पाच सेंटिमीटर जाडीच्या फोमने भरायची. सहज प्रवृत्ती अशी की संपूर्ण तळाला, चारही बाजूंना आणि वर फोमचे अखंड तक्ते लावावेत. दिसायलाही ते भक्कम दिसते.

पॅकिंगमध्ये सर्रास वापरला जाणारा पॉलिएथिलीन फोम, घनता घनमीटरला सुमारे ३५ किलो, चांगले काम करतो तो त्याच्यावर साधारण ५ किलोपास्कल दाब असताना. १० किलोचे वजन म्हणजे ९८ न्यूटन. ते ५००० ने भागले की सुमारे १९६ चौरस सेंटिमीटर येतात. अखंड तळ मात्र १२०० चौरस सेंटिमीटरांचा. एवढ्या क्षेत्रावर तेच वजन पसरले की दाब ०.८ किलोपास्कलवर घसरतो, फोम दबतच नाही, आणि फळीवर आपटल्यासारखा धक्का आत जातो. पैसे सहा पट मोजून संरक्षण कमी.

१९६ चौरस सेंटिमीटर म्हणजे सात बाय सातचे चार तुकडे. ते चार कोपऱ्यांना लावायचे. खोके कोणत्याही बाजूवर पडू शकते, म्हणून तिन्ही दिशांना पृष्ठभाग असलेले आठ कोपरे करून घेतले की प्रत्येक बाजूला आपोआप चार-चार तुकडे येतात. तुकडा उंच आणि अरुंद झाला तर दबण्याऐवजी वाकतो, म्हणून त्याची बाजू जाडीच्या किमान सव्वा-दीड पट ठेवण्याचा प्रघात आहे. पाच सेंटिमीटर जाडीला सात सेंटिमीटरची बाजू त्यात बसते.

आणि ०.८ किलोपास्कल इतक्या हलक्या दाबासाठी फोमच वेगळा लागतो, मऊ पॉलियुरेथेन, म्हणजे सोफ्यातल्या स्पंजाचा चुलतभाऊ. हलकी वस्तू, मोठा पृष्ठभाग असेल तिथे मऊ फोम. जड वस्तू, लहान आधार असेल तिथे घट्ट फोम. नाजूक वस्तूला नेहमी मऊ गादी हवी, हा समज अर्धाच खरा आहे. जड वस्तू मऊ फोममध्ये बसवली तर पहिल्याच आपटण्यात ती त्याचा तळ गाठते आणि फोम असून नसल्यासारखा होतो.

थर्माकोलची गोष्ट निराळी. बीएएसएफच्या भारतातील व्यापारनावावरून आपल्याकडे रूढ झालेला हा शब्द विस्तारित पॉलिस्टायरिनसाठी वापरला जातो. थर्माकोल पहिला धक्का उत्तम झेलतो, पण झेलताना चिरडतो आणि पुन्हा फुलत नाही. दुकानातून घरापर्यंत जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचाला तेवढे पुरते. पेण ते ब्रॅम्प्टन या प्रवासात मात्र खोके किती वेळा आपटेल याचा नेम नाही.

या सगळ्यात व्यवहाराचा एक काटा आहे. वरचे आतले खोके ४० बाय ३० बाय ४५ म्हणजे ५४ हजार घनसेंटिमीटर. सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर वाढवले की ५० बाय ४० बाय ५५, म्हणजे एक लाख दहा हजार. अनेक आंतरराष्ट्रीय कुरिअर सेवा घनफळाला ५००० ने भागून आकारणीचे वजन ठरवतात. पहिल्या खोक्याचे ते ११ किलोंच्या आत राहते, दुसऱ्याचे २२ होते. प्रत्यक्ष वजन जेमतेम एखाद-दुसऱ्या किलोने वाढलेले असते. फोम पातळ करण्याचा मोह होतो तो इथे, आणि बहुतेक मूर्ती मोडतात त्याही याच काटकसरीने. समुद्रमार्गे, अनेकांनी मिळून कंटेनर भरण्याची मंडळांची रीत या हिशेबाने शहाणपणाची आहे, कारण तिथे पाच सेंटिमीटर तुलनेने स्वस्त पडतात.

प्रवासाचा फोम आणि साठवणुकीचा फोम

मंडळाची कायमस्वरूपी मूर्ती, आजीच्या चांदीच्या समया, देव्हाऱ्यातले टाक, जुना हार्मोनियम या वस्तू प्रवास संपल्यावर वर्षातले अकरा महिने खोक्यातच राहतात. तेव्हा निकष बदलतात. धक्क्याचा प्रश्न मागे पडतो आणि रसायनाचा पुढे येतो.

पॉलियुरेथेन फोम म्हातारा होतो. त्याचे दोन मुख्य प्रकार. एस्टर प्रकार दमट हवेत विघटित होऊन चिकट होतो, ईथर प्रकार उजेड आणि प्राणवायूने पिवळा पडून भुकटी होतो. जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीतला काळा स्पंज हाताला चिकटला असेल, त्याने हे प्रत्यक्ष पाहिले आहे. ती चिकट भुकटी रंगवलेल्या मूर्तीवर बसली तर रंगासकटच निघते. टपालाच्या पेट्यांसोबत मिळणारा, चौकोनी तुकडे उपटून हवा तो आकार करता येणारा काळा फोम बहुधा पॉलियुरेथेनच असतो. प्रवासाला चालेल, माळ्यावरच्या दहा वर्षांना नाही.

संग्रहालये दीर्घ साठवणुकीसाठी पॉलिएथिलीन फोमच निवडतात. मुळात डाऊ कंपनीचा ‘इथाफोम’ आणि नायट्रोजनने फुगवलेला ब्रिटिश ‘प्लास्टाझोट’ ही त्यांतली नावे उत्तर अमेरिकेतल्या प्रत्येक जतनतज्ज्ञाच्या तोंडी असतात. हे फोम रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असतात. पीव्हीसी फोममधून क्लोरीनयुक्त, तर गंधक घालून पक्क्या केलेल्या रबरी स्पंजातून गंधकाची वाफ सुटू शकते. चांदी काळी पडते ती गंधकाने, आणि दोष मात्र टोरंटोच्या हवेला दिला जातो. कोणते साहित्य धातूला बाधते हे पाहण्यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक साधी चाचणी मांडली. चांदी, तांबे आणि शिसे यांचे पत्रे साहित्याच्या नमुन्यासह दमट हवेत बंद करायचे, ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचे आणि पत्रे काळवंडतात का ते पाहायचे. आजही ती त्यांच्याच नावाने चालते.

विकत घेताना पाटी वाचायला मिळेलच असे नाही. हाताने तरी थोडा अंदाज येतो. पॉलिएथिलीन मेणचट लागते, नख घासले की किंचित करकरते, पाणी पीत नाही. पॉलियुरेथेन दाबले की हवा सोडते, पाण्यात टाकले की भिजते. तोडल्यावर मोत्यांसारखे दाणे सुटले तर ते थर्माकोल. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा गुलाबी फोम स्थिर विद्युत रोखतो खरा, पण त्यातली काही रसायने पॉलिकार्बोनेटला तडे पाडतात. पारदर्शक झाकणाचे उपकरण त्याला थेट टेकवू नये.

फोमचा पृष्ठभाग, विशेषतः कापलेला, सोनेरी मुलाम्याला आणि मूर्तीच्या रंगाला खरवडतो. म्हणून मध्ये एक अस्तर हवे. संग्रहालये त्यासाठी ‘टायवेक’सारखे गुळगुळीत न विणलेले कापड वापरतात, धुतलेले मऊ सुती कापडही चालते. बबलरॅप थेट रंगावर गुंडाळला तर उष्ण कंटेनरमध्ये फुग्यांचे गोल ठसे उमटू शकतात. रंग पुरता वाळला नसेल तर प्लास्टिक त्याला चिकटतेच, शिवाय आतली ओल बाहेर पडत नाही. पेणहून घाईने निघालेल्या मूर्तीला हा धोका सर्वांत जास्त. पूर्वी मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून पाठवत, आणि देशांतर्गत वाहतुकीला पेंढा आजही वाईट नाही. पण वनस्पतिजन्य माल म्हणून सीमेवर तो तपासणीत अडकू शकतो. लाकडी पेटी असेल तर भारतातून कॅनडात येताना तिच्यावर ‘आयएसपीएम १५’ प्रमाणे उष्णता किंवा धुरी दिल्याचा शिक्का लागतो.

फोमात मूर्तीचा साचा कोरताना सर्व अंगांना स्पर्श होईल असा तंतोतंत कोरण्याची हौस आवरावी. आधार पाटाला, पाठीला आणि मांड्यांना द्यायचा. सोंड, बोटे, कान यांच्याभोवती मोकळी जागा सोडायची, म्हणजे धक्का बसला तरी फोम त्यांना ढकलणार नाही. उचलताना बोटे कुठे जाणार याच्या दोन खाचा आधीच कोराव्यात. अनेक मूर्ती प्रवासात वाचतात आणि बाहेर काढताना कान धरल्याने तुटतात.

तानपुरा आणि उणे वीस

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर परिसरात पिकणाऱ्या वाळलेल्या भोपळ्यावर लांब लाकडी दांडी बसवलेले हे वाद्य पॅकिंगच्या दृष्टीने अवघड आहे. पोकळ भोपळा कवचासारखा, दांडी तरफेसारखी. पेटी उभीच्या उभी आडवी पडली की दांडीच्या टोकाचा सारा हिसका गळ्याच्या सांध्यावर येतो. म्हणून फोम भोपळ्याभोवती कितीही भरला तरी दांडीला दोन ठिकाणी आणि गळ्याच्या मागे नेमका आधार नसेल तर तो वाया जातो. वाद्य तीन-चार किलोंचे, पृष्ठभाग मोठा. वरच्या हिशेबाने इथे मऊ फोमच हवा. तारा सैल कराव्यात, पण पूर्ण सोडल्या तर घोडी सुटून पेटीत खडखडते, तिला वेगळे बांधावे.

इथे कॅनडाचा हिवाळा आडवा येतो. मऊ पॉलियुरेथेन शून्याखाली ताठ होतो, आणि विनिपेगच्या जानेवारीत उणे वीस अंश ही काही बातमी नव्हे. पुण्याच्या उन्हात मऊ वाटलेली गादी न तापवलेल्या ट्रकमध्ये फळी झालेली असते. पॉलिएथिलीनवर थंडीचा परिणाम त्या मानाने कमी. ॲक्रिलिक रंगही थंडीत ठिसूळ होतात, म्हणून त्या रंगांच्या चित्राला किंवा मूर्तीला हिवाळ्यात तोच धक्का अधिक महागात पडतो. निवड असेल तर अशा वस्तू एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मागवाव्यात.

दारात आलेले गार खोके लगेच उघडले तर घरातल्या हवेतली वाफ थंड भोपळ्यावर, धातूवर आणि रंगावर दवासारखी जमते. संग्रहालयांत अशी पेटी आतल्या खोलीत बंदच ठेवून चोवीस तासांनी उघडतात. फोम उष्णतारोधकही असल्यामुळे आतली वस्तू हळूहळू कोमट होते, आणि लाकडाला घाई होत नाही. नंतर तापवलेल्या घरातल्या कोरड्या हवेशी त्याची वेगळी लढाई सुरू होतेच, तिला फोमचा उपाय नाही, दमटपणा राखणारे यंत्र लागते.

खोके रिकामे झाल्यावर आठही कोपरे, साचे आणि अस्तर टाकून देऊ नयेत. प्रत्येक तुकड्यावर ‘डावे, खालचे’, ‘गळ्यामागे’ असे पेन्सिलीने लिहून, उघडण्यापूर्वी आणि उघडताना काढलेल्या छायाचित्रांसह ते ठेवावेत. दावा करायची वेळ आली तर सर्वेक्षक आधी पॅकिंगच पाहायला मागतो, आणि मूर्ती पुढच्या भाद्रपदात दुसऱ्या सभागृहात न्यायची असेल तर तेच तुकडे पुन्हा लागतात. मात्र वर्षभर वजनाखाली राहिलेला फोम पाचावरून चार सेंटिमीटरवर आला असेल तर तो बदलावा. त्यासाठी एक पट्टी पुरते.